आमची १९५२ ची एमजी टीडी : पाच गिअर, डिस्क ब्रेक आणि चेसिसला एकही नवं भोक नाही

टूलरूमवाला
मंडळी नमस्कार. सहा वर्षं जिच्या मागे लागलो होतो ती गाडी परवा रविवारी नाशिकच्या गंगापूर रोडनं सोमेश्वर, तिथून गिरणारे आणि परत अशी कुठंही न थांबता फिरून आली, म्हटलं आता धागा काढायला हरकत नाही.

गाडी एमजी टीडी, १९५२ ची. दोन सीट, उघडी, पुढची काच बोनेटवर आडवी पाडता येते, दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला म्हणजे दार उलटं उघडतं. इंजिन १२५० सीसी, चार सिलिंडर, दोन एसयू कार्बोरेटर, ५४ हॉर्सपॉवर.

ही आमच्याकडे कशी आली ते सांगतो. बाबा सातपूरला फिटर होते आणि रविवारी देवळाली कॅम्पात एका पारशी बंगल्यावर जाऊन तिथल्या शेठजींची ही गाडी बघायचे, मी सोबत असायचो, पाना दे म्हटलं की पाना द्यायचा आणि नाही म्हटलं तरी सीटवर जाऊन बसायचं. शेठजी गेले, गाडी पत्र्याच्या शेडमध्ये वीसेक वर्षं उभी राहिली, उंदरांनी सीट खाल्ली, लाकूड कुजलं. बंगला विकायच्या आधी त्यांच्या मुलीनं बाबांना फोन केला, म्हणाल्या भंगारात घालवत नाही, तुम्ही न्या.

बाबांनी पहिल्याच दिवशी अट घातली, काय वाट्टेल ते नवीन लाव पण चेसिसला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला, ड्रिल लावायचं नाही आणि गाडीतून निघालेला एकही पार्ट घराबाहेर जायचा नाही. ती अट पाळूनच सगळं केलंय. पाच स्पीडचा गिअरबॉक्स, पुढं डिस्क ब्रेक, इलेक्ट्रॉनिक इग्निशन, एलईडी दिवे, रेडिएटरला विजेचा पंखा, सीटबेल्ट. जुनं सगळं तेल लावून, कागदात गुंडाळून, लेबल लावून लाकडी पेट्यांमध्ये माळ्यावर आहे, वेळ आली तर चार-पाच दिवसांत गाडी परत १९५२ ची होईल. काय विचारायचं ते विचारा, हातचं राखून काही सांगणार नाही.

इंदिरानगरकर
अहो काय सांगताय!! परवा सकाळी जेहान सर्कलजवळ एक लाल उघडी गाडी बघितली ती हीच का? पोरगं केवढं ओरडलं गाडीत. एक भाबडा प्रश्न, एमजी म्हणजे ती हेक्टरवाली एमजीच ना? की वेगळी?

टूलरूमवाला
हो हीच, लालच आहे, पोराला घेऊन या बसवतो.

नाव तेच. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, इंग्लंडात ऑक्सफर्डला विल्यम मॉरिसचं गाड्या विकायचं आणि दुरुस्तीचं गॅरेज होतं त्याचं हे नाव. १९२२ मध्ये सेसिल किंबर तिथं मॅनेजर झाला आणि साध्या मॉरिस गाडीच्या चेसिसवर देखण्या हलक्या बॉड्या बसवून विकायला लागला. म्हणजे बघा, ही कंपनी जन्मलीच मुळी दुसऱ्याची साधी गाडी घेऊन तिच्यात बदल करण्यातून. १९२९ ला कारखाना ॲबिंग्डनला गेला, तो १९८० ला बंद झाला. आजचं नाव चीनच्या एसएआयसी कंपनीकडे आहे, हेक्टर त्यांची.

टी मालिका १९३६ ला टीए पासून सुरू झाली. १९३९ ला टीबी आली पण महायुद्ध लागलं, जेमतेम ३७९ गाड्या निघाल्या. मोठेपणा त्या टीबीचा एवढाच की आमच्या गाडीत आहे ते एक्सपीएजी इंजिन पहिल्यांदा तिच्यात बसलं. युद्ध संपल्या संपल्या १९४५ ला टीसी, ती साधारण १०,००० झाली. इंग्लंडात असलेल्या अमेरिकन सैनिकांना या छोट्या गाड्यांचं वेड लागलं, त्यांच्या देशात असलं काही नव्हतंच. पण टीसी फक्त उजव्या स्टिअरिंगची, पुढं आख्खा सरळ एक्सल, खड्ड्यातून गेली की माणूस हलून जायचा.

मग १९४९ च्या शेवटी टीडी. तिचा सांगाडा एमजीच्याच वाय-टाइप सलून गाडीचा, व्हीलबेस ५ इंचांनी कमी करून ९४ इंच केलेला. पुढची दोन्ही चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवर, स्टिअरिंग रॅक अँड पिनियन. ते सस्पेन्शन ॲलेक इसिगोनिसच्या हातचं, तोच पुढं १९५९ ची मिनी काढणारा. १९५३ पर्यंत २९,६६४ टीडी झाल्या आणि त्यातल्या २३ हजारांवर एकट्या अमेरिकेत गेल्या. तेव्हाही जुने लोक नाराज होते बरं का, तारांची उंच चाकं काढून पत्र्याची १५ इंची चाकं दिली म्हणून. त्यानंतर टीएफ, ९,६०० गाड्या, आणि १९५५ ला सगळं मोडून गोल अंगाची एमजीए.

जुन्याचा_वाली
गाडी वाचवलीत त्याबद्दल मनापासून आभार, खरंच. पण दादा, एक सांगू का, वाईट वाटून घेऊ नका. टीडीचा जीव तिच्या गिअरबॉक्समध्ये आहे. पहिल्या गिअरला सिंक्रो (चालत्या गाडीत गिअर न खडखडता बसवणारी सोय) नाही, गाडी पूर्ण थांबवून टाकायचा किंवा डबल क्लच मारायचा, म्हणजे क्लच दोनदा दाबायचा, तो सूर, ती घरघर, हे सगळं मिळून १९५२ आहे. पाच स्पीड आणि डिस्क ब्रेक घातल्यावर उरतो तो फक्त चेहरा. ज्याला आरामात फिरायचंय त्यानं नवीन गाडी घ्यावी ना, नव्या गाड्या कमी आहेत का. मी स्वतः माझी १९५६ ची गाडी ड्रम ब्रेकवर चालवतो, अंतर ठेवून चालवतो, काही अडत नाही.

टूलरूमवाला
वाईट अजिबात वाटलं नाही, हाच वाद घरात बाबांशी दोन वर्षं चालला होता.

हिशोब सांगतो. टीडीचा मागचा एक्सल ५.१२५ चा, म्हणजे चाक एकदा फिरायला प्रोपेलर शाफ्ट ५.१२५ वेळा फिरतो, टॉप गिअरमध्ये हजार आरपीएमला गाडी ताशी साधारण २३ किलोमीटर जाते. म्हणजे ८० च्या स्पीडला इंजिन ३,४५० वर ओरडतंय. स्ट्रोक (पिस्टनची धाव) ९० मिलिमीटरचा, बोअर (सिलिंडरचा व्यास) फक्त ६६.५, असलं लांब स्ट्रोकचं इंजिन इगतपुरीपर्यंत सतत त्या आरपीएमला ठेवणं माझ्या जिवावर येतं. आणि ८० च्या खाली मुंबई हायवेला चालवलं तर मागचा कंटेनर थेट स्पेअर व्हीलवर येतो, गाडीची उंची त्याच्या बंपरएवढी. फोर्डच्या सिएरा गाडीत यायचा तो टाइप नाइन गिअरबॉक्स, टी मालिकेला तो बसवायची किट बाहेर मिळतात, पाचवा गिअर ०.८२, त्याच ८० ला आता २,८०० च्या आसपास. पहिल्या गिअरलाही सिंक्रो. बेलहाउसिंग (गिअरबॉक्स इंजिनाला जोडणारं कवच) वेगळं आणि प्रोपेलर शाफ्ट नवीन करून घेतला, चेसिसवरची जुनी माउंटिंग तशीच वापरली.

डिस्कचं म्हणाल तर वाय-टाइपचं १९४७ चं पुढचं सस्पेन्शन टीडीत आलं, टीएफमध्ये गेलं, एमजीएत गेलं आणि थोडेफार बदल होत १९८० च्या शेवटच्या एमजीबीपर्यंत तेच चाललं. म्हणून एमजीबीच्या घरातल्या डिस्क टीडीला बसवता येतात. मावशीचं लुगडं भाचीला नेसवल्यासारखं आहे, परकं नाही. कसारा घाट एकदा ९ इंची ड्रमवर उतरलो होतो, खाली पोचेस्तोवर पेडल अर्धं आत गेलेलं, शेजारी बाबा बसलेले. त्यानंतर माझा निर्णय झाला.

आणि एमजीनं स्वतः काय केलं ते बघा. एक्सपीएजीसाठी कंपनीच ट्युनिंगची पुस्तिका छापायची, टप्प्याटप्प्यानं ताकद कशी वाढवायची, कॉम्प्रेशन किती, सुपरचार्जर कसा लावायचा, सगळं त्यात. १९५१ ला जॉर्ज फिलिप्स या रेसरसाठी ॲबिंग्डननं टीडीच्याच चेसिसवर वाऱ्याला कापणारी बॉडी चढवून गाडी फ्रान्समधल्या ल मांच्या रेसला पाठवली, कंपनीचा इंजिनिअर सिड एनेव्हरचं काम ते. रेस पुरी झाली नाही, पण चेसिस अरुंद असल्यानं ड्रायव्हर फार उंच बसतो हे कळलं, मग चेसिसच्या बाजू बाहेर सरकवून माणूस त्यांच्या मध्ये खाली बसवला आणि त्यातूनच एमजीए झाली. टीडीत बदल केला नसता तर एमजीए आलीच नसती.

जुन्याचा_वाली
ल मांचं तुम्ही बरोबर बोललात, ते मान्य. पण ते त्यांनी त्यांच्या काळात त्यांच्या सामानातून केलं. तुमचा गिअरबॉक्स गाडीपेक्षा पंचवीस-तीस वर्षांनी लहान. मी असतो तर एमजीएचा ४.३ चा क्राउन-पिनियन (मागच्या एक्सलमधली दातेरी चाकांची जोडी) मागं घातला असता, ८० ला २,९०० च्या आसपास तुम्हालाही मिळालं असतं आणि गिअरबॉक्स घरचाच राहिला असता. ब्रेकबद्दल मात्र वाद घालत नाही, वडील शेजारी बसलेले म्हटल्यावर बोलणं संपलं.

टूलरूमवाला
४.३ चा विचार आम्ही खरंच केला होता. पण त्यात पहिला गिअरही लांब होतो, गाडी उठायला जड जाते, आणि आमच्या घरासमोरचा चढ तुम्ही बघितला नाही. सपाट गावात राहत असतो तर तुमचंच ऐकलं असतं, खोटं नाही बोलत.

कागदपत्रं_नीट
चांगला धागा. पण कुणी आरटीओबद्दल बोलतच नाहीये म्हणून लिहितो, कारण लोक वाचून उत्साहात काहीतरी करून बसतात.

जुलै २०२१ मध्ये केंद्रानं व्हिंटेज गाड्यांचे नियम काढलेत. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात ठेवलेली, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी व्हिंटेज. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, नंतर पुन्हा नोंदणीला ५,०००, नंबरात व्हीए अक्षरं येतात, आधीच नंबर असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पण व्हिंटेजमध्ये गेली की रोजच्या वापराला चालत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला, एवढंच. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, कंपनीनं दिलेल्या स्पेसिफिकेशनच्या बाहेर बदल करता येत नाही, सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलंय. टूलरूमवाले, तुमची गाडी कशात बसते?

टूलरूमवाला
बरं झालं विचारलंत. आमच्या गाडीला जुन्या मुंबई राज्याच्या काळातला नंबर आहे, शेठजींनी आरसी कधी तुटू दिली नाही, नंतर त्यांच्या मुलीनंही भरत ठेवलं, आम्ही नावावर करून रीतसर पासिंग करून घेतलं. व्हिंटेजमध्ये मुद्दाम नाही टाकली. टाकली असती तर बाबांना घेऊन सहज त्र्यंबकला जाता आलं नसतं, आणि मग गाडी केलीच कशाला.

इंजिन नंबर तोच, चेसिस नंबर तोच, बॉडी तीच, रंगसुद्धा आरसीवर आहे तोच. तपासायला आलेल्या साहेबांना पाचवा गिअर, डिस्क सगळं उघडून दाखवलं, माळ्यावरच्या पेट्यांचे फोटोही दाखवले, काही लपवलं नाही. पण नवीन कुणी करणार असेल तर त्यानं सामान मागवायच्या आधी आरटीओत जाऊन विचारावं आणि जे सांगतील ते लेखी घ्यावं. आणि इंजिन बदलून गाडीला होंडा-टोयोटाचं इंजिन घालणाऱ्यांना हात जोडून विनंती, ते करू नका, कायद्यासाठी म्हणून नाही, त्यानंतर गाडीला स्वतःचं काहीच उरत नाही.

साग_शिसव
मी लाकूडकामातला माणूस, गाड्यांचं कळत नाही. तुम्ही लाकूड कुजलं असं लिहिलंय, गाडीत लाकूड कुठं असतं? आणि कुठलं वापरलंत?

टूलरूमवाला
काका तुमच्यासारखा माणूस हवाच होता. चेसिस लोखंडी असते, पण वरची बॉडी म्हणजे लाकडाचा सांगाडा आणि त्यावर पत्रा ठोकलेला. दाराचे खांब, मागचा भाग, फळीखालच्या पट्ट्या, सगळं लाकूड. मूळ लाकूड ॲश नावाचं इंग्रजी झाड, चिवट आणि लवचिक. आपल्याकडं बैलगाडीच्या चाकाला बाभूळ घेतात ना, धक्का खाते पण तडकत नाही, तसं ते. आमचं खालून पाणी पिऊन भुगा झालेलं, दार उघडलं की दाराबरोबर खांबच हातात यायचा.

ॲश कुठून आणणार. जुन्या नाशकात एक वाडा पाडत होते, त्याच्या तुळयांचा साग मिळाला, किती वर्षांचा वाळलेला कुणास ठाऊक, करवतीला ठिणग्या उडायच्या बाकी होत्या. पंचवटीतल्या सुतारकाकांनी कुजलेल्या तुकड्यांवरून पुठ्ठ्याचे साचे काढून एकेक भाग केला, सात महिने लागले. पहिल्यांदा सांधे चिकटलेच नाहीत, उघडून आले.

साग_शिसव
नाहीच चिकटणार. सागात तेल असतं. चिकटवायच्या आधी ताजं रंधून लगेच ॲसिटोननं पुसायचं, त्यावर इपॉक्सी. आणि नुसत्या डिंकावर सोडू नका, पितळी स्क्रू. साधा लोखंडी स्क्रू ओलीत गंजून सागाला काळं करतो.

टूलरूमवाला
अगदी हेच सुतारकाकांनी दुसऱ्या वेळी केलं, त्यांना त्यांच्या गुरुजींनी होडीच्या कामात शिकवलं होतं म्हणे. आता खड्ड्यातून गेलं तरी दार वाजत नाही. लाकडाचा एकही आवाज नाही.

सिडकोचा_वायरमन
भाऊ एलईडी लावलेत म्हणता, मग पॉझिटिव्ह अर्थचं काय केलं? ह्या जुन्या ल्युकास वायरिंगला बॅटरीचं पॉझिटिव्ह बॉडीला असतं. आणि अल्टरनेटर टाकला का? टाकला असेल तर आरपीएमचा काटा कसा चालतो, कारण टीडीला तो काटा डायनॅमोच्या मागून निघणाऱ्या केबलवर चालतो असं ऐकलंय.

टूलरूमवाला
वा, हे फार थोड्यांना माहीत असतं! बरोबर ऐकलंय. डायनॅमोच्या शेपटीला छोटा गिअरबॉक्स आहे, त्यातून केबल काट्याला जाते. साधा अल्टरनेटर टाकला की काटा मेला. डायनॅमोच्या कवचात बसवलेला अल्टरनेटर मिळतो, मागून काट्याची सोय असलेला, पण मी डायनॅमोच ठेवला. दिवे एलईडी केल्यावर लोडच उतरला, पंखा चालू असतानाही रात्री ॲमीटर शून्याच्या वर राहतो.

अर्थ निगेटिव्ह केला. बॅटरी उलटी बसवली, इग्निशन कॉइलच्या तारा आणि ॲमीटरच्या तारा अदलाबदल केल्या आणि डायनॅमोच्या फील्ड टर्मिनलला बॅटरीची तार क्षणभर टेकवून त्याला नवीन दिशा शिकवली. बोनेटखाली लाल रंगात मोठ्या अक्षरात निगेटिव्ह अर्थ असं लिहिलंय, उद्या कुणी जुनं पुस्तक बघून बॅटरी जोडायला नको.

द्राक्षबाग_दिंडोरी
गाडी लय भारी दादा. आमच्या पिंपळगावकडून उन्हाळ्यात आणाल का? आणि पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल आहे, एवढ्या जुन्या गाडीला बाधत नाही का? माझ्या जुन्या फटफटीचा पाइप पार चिकट झाला.

टूलरूमवाला
बाधतं. कॉम्प्रेशन साधारण ७.२५ च आहे त्यामुळे ऑक्टेनची चिंता नाही, साधं पेट्रोल पुष्कळ. पण जुनं रबर इथेनॉलनं फुगतं आणि विरघळतं, म्हणून पेट्रोलच्या सगळ्या नळ्या व्हिटॉनच्या, म्हणजे इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या टाकल्या, कार्बोरेटरमधली सीलं बदलली. शिसं असलेलं पेट्रोल बंद झालंय म्हणून एक्झॉस्टला कडक व्हॉल्व्ह सीट बसवून घेतल्या. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करतो, तुमच्या फटफटीलाही तेच करा, पाइप बदलून टाका आधी, पेट्रोल गळून आग लागायला वेळ लागत नाही.

उन्हाळ्याचं म्हणाल तर गेल्या मे महिन्यात विल्होळीजवळ भर दुपारी बंद पडलो होतो. पेट्रोलचा पंप विजेचा आहे, एसयूचाच, बोनेटखाली, चावी फिरवली की टिक टिक टिक वाजतो आणि कार्बोरेटर भरले की गप्प होतो. त्या दिवशी टिकटिक आलीच नाही. बाबा गाडीतूनच म्हणाले पान्याच्या दांड्यानं हळू ठोक. ठोकला, चालू झाला. आतले पॉइंट चिकटतात. नंतर पॉइंट घासून घेतले आणि पंपाला एक्झॉस्टपासून आडवा पत्रा लावला, तोही जुन्याच बोल्टवर. आता पिंपळगावला यायला हरकत नाही, पण सकाळी सातच्या आत.

पेट्रोलचा काटा गाडीला मुळात नाहीच, टाकी कमी झाली की दिवा लागतो. मी वेताची पट्टी खुणा करून ठेवलीय, झाकण उघडून बुडवून बघतो.

निवृत्त_टर्नर_अंबड
सगळा धागा वाचला. इंजिनाच्या बोल्टबद्दल कुणी विचारलं नाही म्हणून विचारतो. मी चाळीस वर्षं लेथवर काढली, एकदा असल्याच इंग्रजी इंजिनाचा बोल्ट माझ्याकडं आला होता, आटे मेट्रिक आणि डोकं विटवर्थ, म्हणजे जुन्या इंग्रजी इंची मापाचं. गिऱ्हाईकाला वाटलं मी चुकलो. तुमच्या इंजिनाला असंच आहे का?

टूलरूमवाला
काका नमस्कार, असंच आहे, आणि त्यापायी मी रडकुंडीला आलो होतो. हे इंजिन मॉरिसच्या कोव्हेंट्रीच्या कारखान्यातलं. तो कारखाना मुळात हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा, पहिल्या महायुद्धात मशिनगन करायला तिथं आलेली, १९२३ ला मॉरिसनं विकत घेतला. मशिनं फ्रेंच, म्हणून आटे मिलिमीटरचे. पण इंग्लंडातल्या गॅरेजवाल्यांकडं पाने विटवर्थचे, म्हणून डोकी विटवर्थची. आणि आठ मिलिमीटरच्या बोल्टला पिच आपल्या नेहमीच्या १.२५ चा नाही, १ चा.

पहिल्यांदा इंजिन शहरातल्या एका गॅरेजला दिलं होतं, त्यांनी साधा आठचा बोल्ट जोर लावून कोंबला, ब्लॉकचे तीन ठिकाणचे आटे गेले. इंजिन तसंच उचलून घरी आणलं, बाबांनी स्वतः हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसणाऱ्या तारेच्या गुंडाळ्या) बसवल्या, तेव्हा ते ७६ वर्षांचे होते आणि मला हात लावू दिला नाही.

निवृत्त_टर्नर_अंबड
आठ बाय एकचा टॅप आणि डाय माझ्याकडे पडून आहे. अजून किती बोल्ट कमी आहेत? डोक्याचं माप सांगा, १३ चा पाना बसतो का?

टूलरूमवाला
१३ चा चढत नाही, १४ चा गरगर फिरतो. साइड कव्हरचे चार आणि टायमिंग कव्हरचे दोन कमी आहेत, सध्या डोकी घासून वेगळेच लावलेत. नमुन्याचा एक मूळ बोल्ट पेटीत आहे. काका तुम्ही अंबडला कुठं असता तेवढं व्यक्तिगत निरोपात कळवा, रविवारी सकाळी गाडीच घेऊन येतो. बाबा आत्ता मागे उभं राहून वाचतायत, विचारतायत की बोल्ट ईएन ८ पोलादात करणार की त्याहून मजबूत ईएन २४ मध्ये.

निवृत्त_टर्नर_अंबड
साइड कव्हरला ईएन ८ पुरे. वडिलांना सोबत आणा, चहा घेऊ.